लांडोरीच्या गळ्यातला हार

टिक.

एवढाच आवाज. बांगडी काचेला लागल्याचा. पण दुपारच्या त्या शांततेत तो अख्ख्या घराला ऐकू गेला असेल असं कोकिळाला वाटलं. तिने कुंचला वाटीच्या काठावर तसाच धरून ठेवला आणि श्वास रोखून कानोसा घेतला. ओसरीवर सासूबाई धनुबाई घोरत होत्या. घोरणं क्षणभर थांबलं, कूस बदलल्याची चाहूल आली, आणि पुन्हा सुरू झालं. पाच वर्षांची तापी तिथेच गोणपाटावर पालथी झोपली होती, गालावर गोणपाटाची वीण उमटवून.

कोकिळाने फडक्याची चिंधी घेतली आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या मनगटाशी आवळून बांधल्या. बांगड्या काढायची सोय नव्हती आणि वाजू द्यायची तर अजिबातच नव्हती. मग ती पुन्हा काचेवर वाकली.

कळसाडीच्या पाटलाच्या घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती. माहेर नंदुरबारचं. तिथे शेजारी चुनीलालकाकांचं तसबिरींचं दुकान होतं. सुरतेहून आगगाडीने काचा यायच्या आणि काका त्या काचांच्या पाठीवर देव रंगवायचे. लहानपणी कोकिळा त्यांच्या दुकानात रंग खलायला बसायची. जवसाच्या तेलात काजळ खलायचं, हिंगूळ खलायचा, आणि काकांचा हात बघायचा. कागदावर किंवा भिंतीवर काढतात तसं काचेवर चालत नाही, हे ती तिथे शिकली. भिंतीवर आधी मोठा रंग भरतात, मग वरून डोळे, नाक, दागिने. काचेवर सगळं उलटं. चित्र मागून काढायचं आणि पुढून बघायचं. म्हणून डोळ्यातली बाहुली आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि आभाळ सगळ्यांत शेवटी. जे आधी टेकवलं ते सगळ्यांच्या पुढे राहतं. वरून कितीही रंग चढवा, ते झाकत नाही. चुकलं तर पात्याने खरवडून काढायचं, दुसरा इलाज नाही.

सासरी ही विद्या कुणाच्या कामाची नव्हती. "काचले रंग फासी काय व्हस? कापूस वेचाई जास का?" असं धनुबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, आणि ते काही खोटं नव्हतं. मग कोकिळा फुटक्या आरशांच्या तुकड्यांवर पळसाची फुलं काढायची आणि धान्याच्या कोठीमागे ठेवून द्यायची. नवऱ्याला, नवलला, तेवढं ठाऊक होतं. त्याने कधी कौतुक केलं नाही, पण तो हसलाही नाही, एवढंच तिला पुरे होतं.

यंदा मात्र वेगळंच घडलं. आषाढात धनुबाईंनी कानबाईची पेटी उघडली आणि डोक्यावर हात मारला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसायची, साऱ्या भाऊबंदकीची देवी. तिच्या पाठीमागे लावायचा जरीचा पडदा, धनुबाईंच्या सासूच्या वेळचा, उंदरांनी कुरतडून त्याची चाळण केली होती.

"पडदा तं उंदरंसनी खाई टाका," धनुबाई कितीतरी वेळ तो हातात घेऊन बसल्या. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "तुन्ही ती काच शे ना... मोठी काढता येस का?"

कोकिळाला आधी कळलंच नाही की आपल्याला विचारताहेत. "काढता येस, आत्या," ती म्हणाली.

"मंग काढ. पन देखजो, कानबाईनं काम शे."

पुढच्या बाजाराला नवल नंदुरबारला गेला आणि दोन हात लांब, दीड हात रुंद अशी काच गवतात गुंडाळून घेऊन आला. गाडीतून उतरताना त्याचे पाय अवघडले होते. "रस्ताभर मांडीवर लीसन बठनू," तो म्हणाला. "तापीले बी इतलं नही संभायं कधी!" आणि तापीने बापाच्या पोटरीवर बुक्की मारली.

तर अशी ती काच. सात वर्षांत या घराने तिच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. स्वयंपाक, झाडलोट, वेचणी ही काही मागणी नव्हे, ते कुणीही सून आली असती तरी करावंच लागलं असतं. हे तिच्याकडे मागितलं होतं. म्हणून ती दुपार दुपार चोरून बसायची. घरचं कामही करायचं आणि काचही करायची, तर दुसरा वेळ कुठून आणणार?

मोहाचं झाड उतरलं. खोडावरची भेग अन् भेग उतरली. पळसाची फांदी, मागे सातपुड्याची निळी रेघ, खाली नदी. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. फक्त मोर जमेना. चुनीलालकाकांच्या खाक्यातला, नमुन्याच्या कागदावरचा मोर तिला पाठ होता, पण तो दुकानातलाच मोर. मान वाकडी, पिसारा जपमाळेसारखा सारखा. दोनदा काढला, दोनदा खरवडला.

तिसऱ्यांदा काढत होती तेव्हा मागच्या दारातून दिवलीबाई आत आली. सालदार वीरसिंगची बायको. तोरणमाळच्या डोंगरातली पावरा माणसं ती, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सालाने लागलेली. वीरसिंग औतावर असायचा, दिवलीबाई गोठ्यात. तिची बोली वेगळी होती, पण इथे राहून मोडकीतोडकी अहिराणी शिकली होती. शेणाची पाटी टेकवून ती काचेवर वाकली आणि तोंडावर हात धरून हसली.

"वहिनी, हाऊ मोर कोनी काढा? यानी कधी दाना नही खादा!"

कोकिळाला राग यायला हवा होता. पण तिलाही हसू आलं, कारण खरंच होतं ते. तो मोर उपाशीच दिसत होता.

"मंग तू काढी दखाड," ती म्हणाली.

दिवलीबाईने चुलीतली राख घेतली, जमिनीवर पसरली आणि बोटाने एक रेघ ओढली. एकच. पाठ, मान, चोच, सगळं त्या एका रेघेत. मोर नव्हताच तो. लांडोर होती, पुढे वाकलेली, काहीतरी टिपणारी.

"मोर नही का?"

"मोर नाची लेस नी निंघी जास. पिल्लं कोन देखस? लांडोरच देखस ना!"

आणि मग कोकिळाने ते केलं, ज्याचा तिला पुढे पश्चात्तापही करता येईना. तिने मोर खरवडला, काच पुसली आणि कुंचला दिवलीबाईच्या हातात दिला. दिवलीबाईने हात लुगड्याला पुसले. दोनदा पुसले. कुंचला तिला आवडला नाही. अंगणातल्या शिंदीची काडी तोडून तिने तिचं टोक दातांनी चावलं, त्याचा ब्रश केला आणि काजळात बुडवला. कोकिळा सांगत गेली, आधी डोळा, आधी बारीक ते, आणि दिवलीबाई मान हलवत काढत गेली. लांडोरीपाठोपाठ तीन पिल्लं आली.

"हाई मन्हं," पहिल्या पिल्लावर बोट ठेवून ती म्हणाली. "हाई बी मन्हं." डोंगरात आजीपाशी ठेवलेली तिची दोन पोरं होती. तिसऱ्या पिल्लाजवळ ती थांबली, झोपलेल्या तापीकडे पाहिलं. "नी हाई तापी."

काच उभी करून पुढून पाहिली तर लांडोर उलट्या दिशेला बघायला लागलेली. "ओ माय! पलटनी!" दिवलीबाई दचकून मागे सरली, मग पुन्हा पुन्हा पुढे मागे जाऊन बघत राहिली. तिला त्याची फार मौज वाटली.

आणि जाता जाता तिने लांडोरीच्या अजून कोऱ्या मानेवर पाच ठिपके दिले. चार चौकोनात आणि एक मध्ये. तिच्या मनगटावर तेच गोंदलेलं होतं.

"हाई काय?"

"आते कोनी इचारं, तर ती सांगी, मी दिवलीनी शे."

तापी जागी झाली होती. तिने हात पुढे केला. "माले बी!" दिवलीबाईने काजळात काडी बुडवून तिच्या इवल्या मनगटावर पाच ठिपके दिले. तापी दिवसभर हात उंच धरून हिंडली, पुसू नयेत म्हणून. पुढे रोज पुसले गेले की ती गोठ्यात जाऊन पुन्हा काढून आणायची.

आठ-दहा दिवसांत बाकीचं भरून झालं. नदी भरली, डोंगर भरला, आभाळ तेवढं राहिलं. नागपंचमी झाली. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अंगण सारवून झाल्यावर धनुबाई हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "दखाड."

कोकिळाने काच भिंतीला उभी केली. धनुबाई काचेजवळ आल्या. त्यांनी मोहाच्या खोडावरून हवेतच बोट फिरवलं. त्यांचा चेहरा असा मऊ झालेला कोकिळाने कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, कानबाईच्या प्रत्येक कामात त्या विचारायच्या तसंच, काही संशय म्हणून नव्हे:

"परका हात तं नही लागना ना येले?"

कानबाईचं तसंच असतं. घरातल्या माणसांच्या नावाने गहू मुठीने मोजून घ्यायचा, घरातच दळायचा, त्याचा रोट घरातल्या अन् भाऊबंदांच्याच तोंडी पडायचा. लेक सासरी गेली तर तिलाही तो चालत नाही. कोकिळाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोटाचा नियम काचेलाही असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर आलं होतं. तिने येऊ दिलं नव्हतं.

"नही, आत्या," ती म्हणाली. "मन्हाच हात."

किती सहज निघालं ते तोंडातून! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

धनुबाई वाकल्या. "नी हाई काय शे? हाई तं गोंदन दिखस. दिवलीना हातवर अशाच ठिपका शेतस."

"रंगना शितोडा उडनात, आत्या."

धनुबाईंनी सुनेकडे पाहिलं. कळलं त्यांना? कोकिळाला ते पुढे कधीच उमगलं नाही. त्या कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "मंग पुसी टाक. सकाय भाऊबंदकीन्या बाया येतीन, भिकुबाईना डोया भलता तेज शेतस."

पुसून निघणार होतं होय! आठ दिवस वाळलेला तेलाचा रंग तो. आणि ठिपके रंग भरण्याआधी दिलेले, म्हणजे सगळ्यांत पुढे. त्यांच्या मागे मान, मानेमागे नदी. ठिपके काढायचे तर मागून नदी फोडावी लागणार, मग मान, आणि तेव्हा कुठे ते हाताला लागणार.

दुपारी सगळे निजल्यावर तिने नवलचा वस्तरा घेतला. चिंधीने बांगड्या बांधल्या. किर्र, किर्र, असा आवाज होत होता, दात शिवशिवावेत तसा. प्रत्येक खरवडण्यानंतर ती काच उचलून पुढून पाहायची. पाच ठिपके तसेच. पुन्हा खरवडायची. निळं भुरभुरत खाली पडलं, मग तपकिरी, आणि अगदी शेवटी ते पाच काळे कण. ते तिने तळव्यावर घेतले. काय करावं कळेना. चुलीत टाकायला हात होईना, अंगणात झटकायला होईना. शेवटी तिने हात पाण्याच्या बादलीत बुडवला.

मागे वळली तर तापी उठून बसली होती. केव्हापासून, कोण जाणे. एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटावर धरून आईकडे बघत होती. कोकिळा बोटाने "चूप" म्हणाली. तापी चूप राहिली.

लांडोरीच्या मानेत आता आरपार भोक. पलीकडची भिंत दिसत होती. त्यात तशीच मान भरावी, तर दिवलीबाईची ती रेघ तिला यायची नव्हती. वस्तरा जरा जास्तच घसरला होता आणि रेघही तुटली होती. मग तिने माहेरून आणलेला चंदेरी बेगडाचा तुकडा काढला, चुनीलालकाका देवांच्या मुकुटामागे लावायचे तसला, आणि भोकाच्या पाठीमागे चिकटवला. वरून आभाळ फासून टाकलं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर केळीचे खांब, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर खण, आणि मागे ती काच. दोन बाजूंना दिवे लावले आणि बघता बघता लांडोरीच्या मानेतला बेगड पेटल्यासारखा चमकला. सगळ्या चित्रात नजर आधी तिथेच जायची. मोह नाही, डोंगर नाही, तो गळा.

भाऊबंदकीतल्या बाया जमल्या. चुलत सासू भिकुबाई सगळ्यांच्या पुढे. चष्मा नाही, पण सुईच्या नेढ्यातून माणूस ओळखील अशी बाई.

"धनुबाई, हाई कोनी कयं व?"

"मन्ही वहूनी."

'मन्ही वहू.' सात वर्षांत धनुबाईंनी चारचौघांत हे शब्द असे छाती भरून कधी म्हटले नव्हते. केवढी वाट पाहिली होती कोकिळाने याची! आणि आता ते शब्द अंगाला लागतच नव्हते, दुसऱ्या कुणासाठी शिवलेल्या चोळीसारखे.

"काय हात शे व पोरी!" भिकुबाईंनी तिची हनुवटी धरली. "नी देखा तं, लांडोरना गयामा चांदीना हार! आमना गयामा इतला वरीसमा कोनी घाला नही, नी येनी पाखरूले घाला!"

बाया खदखदून हसल्या. "सांगजो भिकुबाईना धनीले!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा दुप्पट झाला.

"एकलीनी कयं का व सगळं?" भिकुबाईंनी विचारलं.

तेवढ्यात कोकिळाची नजर दाराकडे गेली. अंगणात, पायरीच्या खाली, दिवलीबाई उभी होती. डोक्यावर सरपणाची मोळी तशीच. ती आत येणार नव्हती, यायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. नुसती मान उंचावून काच बघत होती. मागून काढताना भिंतीकडे बघणारी लांडोर आता पलटून नेमकी दाराकडे बघत होती. दोघी एकमेकींकडे तोंड करून.

कोकिळाने ठरवलं असतं तर एक शब्द पुरे होता. नुसती दाराकडे मान हलवली असती, तरी पुरे होतं. धनुबाई बाजूला उभ्या होत्या, चेहऱ्यावर अजून ते "मन्ही वहू" होतं.

"हा," कोकिळा म्हणाली. "एकलीनीच."

दिवलीबाईने ऐकलं. ती लांडोरीच्या गळ्याकडे पाहत राहिली, ठिपके शोधत असावी. मग एका हाताने मोळी सावरत दुसऱ्या हाताने तिने पदर ओढला आणि मनगटावरून खाली घेतला. इतक्या सावकाश, की कुणाला वाटावं, वारा लागत असेल.

संध्याकाळी गोठ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या. कोकिळाच्या हातात चाऱ्याची पाटी होती. मनात वाक्यं जुळवून आली होती ती. आत्यांनी विचारलं, कानबाईचं असतं गं, माझा इलाज नव्हता. "दिवली..." एवढंच बाहेर आलं.

दिवलीबाईने तिच्या हातातली पाटी घेतली, नेहमीसारखीच.

"हार चांगला शे, वहिनी," ती म्हणाली आणि गायीकडे वळली.

ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, मालकिणीला बोलते म्हणून कोकिळाला रागावता आलं असतं. पण तिच्या आवाजात तसलं काही नव्हतं. पाण्याची बादली भरली का, असं विचारावं तसा आवाज. कोकिळा तिथेच उभी राहिली आणि गाईने तिचा पदर चाटून ओला केला तरी तिला कळलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. रोट वाटला गेला. नवलने कोकिळासाठी पानावर मोठा तुकडा ठेवला होता. तिने तोंडात घातला. तो गोळा तोंडातल्या तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. धनुबाई म्हणाल्या, "खाय व, तुन्हा नावनी मूठ शे." मग तिने तो पाण्याबरोबर गिळला.

दुपारी घर पुन्हा निजलं. कोकिळा काच गवतात गुंडाळत होती. पुढच्या श्रावणापर्यंत ती माळ्यावर राहायची आणि पुढच्या श्रावणात पुन्हा उतरायची, त्याच्याही पुढच्या, ती स्वतः सासू होईपर्यंत. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणणारच होतं, हार काय सुरेख आहे! तिने गवताची एक मूठ लांडोरीच्या मानेवर दाबली आणि तरीही काड्यांतून बेगड चमकत राहिला.

तापी येऊन मांडीला टेकली. दोन दिवस ती गोठ्याकडे फिरकली नव्हती. हात पाठीमागे धरले होते.

"दखाड, काय शे हातमा?"

तापीने उजवा हात पुढे केला. मनगटावर पाच ठिपके होते, कोळशाने काढलेले, वाकडेतिकडे. तिने स्वतःच काढले होते. चौकोन जमला नव्हता आणि मधला एक जरा पसरला होता. तिने दुसऱ्या हाताची मूठ त्यांच्यावर झाकली, पुन्हा उघडली, आणि कोनाड्यात नवलचा वस्तरा ठेवला होता तिकडे एकदा पाहून घेतलं.

"माय," ती हळूच म्हणाली, आजीला जाग येऊ नये म्हणून, "मन्हा हातवरना ठिपका बी खरडना पडतीन का?"